तपासणं म्हणजे अविश्वास का?



"माझ्या शब्दावर विश्वास नाही का?" या एका वाक्यावरून घरात चार-चार दिवस अबोला धरला जातो. मग तपासणं म्हणजे अविश्वासच का? आम्ही यावर विचार करत होतो, आणि उत्तर एका चिमुकल्या वस्तूत मिळालं.

आपल्या हुबळीत, १९४७ साली सुरू झालेल्या बीव्हीबी कॉलेजच्या विद्यानगरच्या आवारात आजही इंजिनिअर घडतायत. देशपांडे नगरातल्या ज्या घरात इलेक्ट्रॉनिक्स शिकणारं मूल आहे, तिथं रेझिस्टर पाहिलेला असेलच. विजेचा प्रवाह अडवणारा, अंगावर रंगीत पट्टे असलेला. पिवळा म्हणजे ४, जांभळा म्हणजे ७, तिसरा लाल म्हणजे पुढे दोन शून्यं. झाले ४७०० ओहम. शेवटचा पट्टा सोनेरी असेल तर ५ टक्के इकडे-तिकडे चालतं. मीटरवर ४४६५ ते ४९३५ मधलं काहीही आलं तरी तो खराच.

बघा, बनवणाऱ्यानेच आपली कमी-जास्त अंगावर रंगवून दिली आहे. मग मोजलं तर त्याचा अपमान कसा होईल?

पण मोजणाऱ्यालाही नियम आहेत. आधी वीज बंद करायची. म्हणजे आपलं डोकं तापलेलं असताना विचारपूस नको. दुसरं, रेझिस्टरचा एक पाय सर्किटमधून सोडवायचा, नाहीतर आजूबाजूच्या वाटाही मोजल्या जातात आणि आकडा बहुधा कमीच दिसतो. सुनेला किंवा मुलाला चारचौघांत "पैसे कुठं गेले?" विचारलं, तर येणाऱ्या उत्तरात भीती आणि लाजही मिसळलेली असते. बाजूला घेऊन विचारावं. तिसरं, मीटरच्या दोन्ही तारा आधी एकमेकींना टेकवून बघायच्या. थोडा आकडा तेव्हाही दिसतो. तो तारांचा स्वतःचा, तो वजा करायचा. आपल्या मनातली जुनी अढीही तशीच आधी वजा करावी.

एवढं करूनही ४७०० च्या जागी ९००० आले, तर मात्र रंगांकडे बघून गप्प बसणं ही श्रद्धा नव्हे. वर्षानुवर्षं तापून रेझिस्टर बदलतो, माणूसही बदलतो. अशा वेळी प्रेमाने, पण स्पष्ट बोलावंच लागतं.

या आठवड्यात घरात कुणाला काही विचारायचं असेल, तर हे तीन नियम पाळून बघूया. आणि उत्तर थोडं इकडे-तिकडे आलं, तर "खोटं" म्हणण्याआधी तो सोनेरी पट्टा आठवूया.