अनंताचा हिशेब

फळाची आशा न धरता कर्म करावे, हे आपण अभ्यासवर्गात कितीतरी वेळा ऐकतो. पण आशा सोडायची म्हणजे फळाकडे पाहायचेच नाही का? हा प्रश्न मला गीता वाचताना पडला नाही. गच्चीतल्या एका कुंडीपुढे उभी असताना पडला. कुंडीत अनंताचे झाड होते आणि त्याच्या अकरा कळ्या, एकही न उमलता, मातीवर गळून पडल्या होत्या.

आम्ही मुल्लानपूरला राहायला आलो, तेव्हा शेजारच्या आंटीजींनी ते रोप दिले. आम्ही मराठी आहोत हे कळल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे भगत नामदेवजींच्या मुलखातले!” संत नामदेवांनी पंजाबात घुमानला वास्तव्य केले आणि त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथ साहिबमध्ये आहेत, हे इथे घरोघरी माहीत असते. आंटीजी त्या झाडाला ‘गंधराज’ म्हणतात. आजीला फोनवर पानाफुलांचे वर्णन सांगितले तर ती म्हणाली, “अगं, हा तर आपला अनंत! आपल्या परसात विहिरीजवळ आहे तोच.”

कोकणातल्या त्या अनंताला कोणी खत घातल्याचे मला आठवत नाही. तरी पावसाच्या तोंडाशी तो पांढरा होऊन जातो. मग मी मनापासून केले तर इथे का नाही फुलणार? मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. एक वही केली. डाव्या पानावर पाणी, शेणखत, वेळ. उजव्या पानावर नवी पाने आणि कळ्या. दिवसातून दोनदा पाणी दिले. ऊन सरकेल तशी कुंडी सरकवली. आणि मे महिन्यात त्या अकरा कळ्या गळाल्या. पानेही पिवळी पडू लागली होती. वहीत डावे पान भरलेले आणि उजवे कोरे. मला झाडाचा चक्क राग आला.

‘चेष्टा’ची गोष्ट

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडली. मी आपल्या परिवारासाठी हिंदी लेखांचा मराठी अनुवाद करते. एका लेखात ‘चेष्टा’ हा शब्द होता. हिंदीत त्याचा अर्थ प्रयत्न. मी घाईत तो तसाच ठेवला. परिणामी माझ्या मराठी वाक्यात साधकाला सतत चेष्टा करण्याचा उपदेश झाला! तपासणाऱ्या ताईंनी हसत चूक दाखवली आणि पुढच्या वेळी सावकाश काम करायला सांगितले. मी वरवर हसले, पण आतून दुखावले. लेखाखाली माझे नाव येत नाही, परीक्षेच्या दिवसांतही मी हे काम करते, आणि वर चुका काढतात! तीन आठवडे मी एकही लेख हाती घेतला नाही. मनाशी म्हणत होते, ‘मला फळाची अपेक्षाच नाही, मग केले काय आणि न केले काय!’

हे वाक्य ऐकायला वैराग्याचे वाटते. प्रत्यक्षात तो रुसवा होता. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ४७ वा श्लोक आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचा पूर्वार्ध आपण पुन्हा पुन्हा सांगतो. पण शेवटच्या चरणात भगवंत कर्म न करण्याचीही आसक्ती नको म्हणून बजावतात, तिकडे माझे लक्षच गेले नव्हते.

पिवळे पान काय सांगते?

शेवटी मी आंटीजींना कुंडी दाखवली. त्यांनी पान उलटसुलट केले. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. मग त्यांनी आमच्या पाण्याच्या बादलीवरचा पांढरा थर दाखवला. अनंत मूळचा दक्षिण चीन, जपानकडचा. त्याला आम्लधर्मी माती लागते. कोकणातल्या जांभ्या मातीत ती आयतीच मिळते. आमचे बोअरचे पाणी क्षारांचे. अशा पाण्याने माती अल्कधर्मी होत जाते आणि मग मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. शिवाय कुंडी सारखी हलवणे, मुळाशी पाणी साचू देणे, दुपारची झळ यांपैकी कशानेही अनंताच्या कळ्या गळतात. आंटीजी म्हणाल्या, “बेटा, तू त्याला एक दिवस तरी स्वस्थ बसू दिलेस का?”

त्या संध्याकाळी मी वही पुन्हा उघडली आणि माझी चूक लक्षात आली. हिशेब ठेवण्यात काही वावगे नव्हते. मी तो पगारपत्रकासारखा वाचत होते, हे चुकले होते. इतके दिले, तर इतके मिळालेच पाहिजे! आजीचा अनंत जास्त फुलतो म्हणून आजीचे कष्ट जास्त ठरत नाहीत, माझा फुलला नाही म्हणून माझे वाया जात नाहीत. माती, पाणी, हवा यांचा वाटा आपल्या वाट्यापेक्षा केवढा तरी मोठा असतो. फुलावर हक्क सांगणारे आपण कोण?

पण मी फळाकडे पाहिलेच नसते, तर पिवळे पान दिसले असते का? म्हणून मला आता असे वाटते: फळावरचा हक्क सोडायचा, फळाकडचे लक्ष सोडायचे नाही. पिवळे पान ही शिक्षा नसते, तो निरोप असतो. फूल हा पगार नसतो, तो प्रसाद असतो. ताईंनी दाखवलेली ‘चेष्टा’ हे माझ्या अनुवादाचे पिवळे पानच होते. मी निरोप वाचला नाही, अपमान वाचला.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजी दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. ‘गीता प्रवचने’ विनोबांची म्हणूनच ओळखली जातात. पण लिहिणारा हात नसता, तर ती आपल्यापर्यंत पोहोचली असती का? नाव कोणाचे, यापेक्षा शब्द नीट उतरला की नाही, याची काळजी वाहणे हीच त्या कामातली साधना.

पुढे काय केले

कुंडीतली माती बदलली. पानांचे कुजलेले खत आणि नारळाचा भुसा मिसळला. अगदी थोडे हिराकस पाण्यात विरघळवून दिले. पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी पिंपात साठवले आणि तेच वापरले. सकाळचे ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशी एक जागा ठरवली आणि कुंडी तिथून हलवली नाही. बोट खुपसून वरची माती कोरडी लागली तरच पाणी. थंडीत, धुके उतरे त्या दिवसांत, झाड भिंतीच्या आडोशाला ठेवले. आणि तीन आठवड्यांनी ताईंना फोन करून पुढचा लेख मागून घेतला.

या वर्षी अनंताला पाच फुले आली. पैकी एक मी कौतुकाने सारखे हाताळले, तर संध्याकाळपर्यंत त्याच्या पाकळ्या तपकिरी पडल्या. बाकीची चार झाडावरच राहू दिली. त्यांचा वास जिन्यापर्यंत येत होता. आमच्या या दुहेरी पाकळ्यांच्या अनंताला फळ धरत नाही. तो वाढतो फांद्यांवरून. म्हणून पावसाळ्यात तीन फांद्या लावल्या. त्यांतली एक ताईंना द्यायची आहे.

आपणही या आठवड्यात आपल्या सेवेतले एखादे पिवळे पान शोधून पाहावे. कोणी दाखवलेली चूक, न जमलेले काम, थंडावलेले नाते. रागावण्याआधी त्याला एकदा विचारावे, ‘तुला काय हवे आहे?’ वही जरूर ठेवावी. फक्त शेवटी बेरीज करून येणे काढू नये.