वास गेला, श्वास आहे

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, आपली पंचोपचार पूजा डोळ्यांसमोर आणा. गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य. पाचांपैकी पहिले तीन उपचार नाकाशी बांधलेले, शेवटचा जिभेशी. राहिला दीप, तो डोळ्यांचा. मग ज्याचा वास गेला आणि तोंडाची चवही गेली, त्या भक्ताच्या वाट्याला पूजेतले काय उरले?

हा प्रश्न मी पोथीतून काढलेला नाही. २०२१ साली करोनाच्या तापातून मी उठलो, पण वास मागेच राहिला. हिना अत्तराचा फाया नाकाशी धरला तरी नुसता कापूस. वरणभात म्हणजे गरम आणि मऊ असे काहीतरी. त्यावर मंडळी थट्टेने म्हणायची, "बरंच झालं की बुवा! जिव्हा आयतीच जिंकली गेली."

थट्टा राहू द्या, पण शास्त्र काय सांगते ते बघा. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात मासा हा एक गुरू. गळाला लावलेल्या घासाच्या चवीपायी तो जीव गमावतो, म्हणून रसना आवरा, असा बोध. पण अवधूत तिथेच आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगतो. अन्न तोडले की बाकीची इंद्रिये आटोक्यात येतात, रसना मात्र उलट वाढते! आणि अनुभव अगदी तस्साच आहे. चव असताना मेतकूट-भाताची जेवढी आठवण झाली नसेल, तेवढी ती गेल्यावर झाली. तेव्हा हिरावले जाणे म्हणजे वैराग्य नव्हे. आपण सोडतो ते व्रत, आपल्यापासून सुटते ते दुखणे. घरात कुणाचा वास गेला असेल तर कृपा करून त्याला वैराग्याचा उपदेश करू नका. त्याचे दुःख खरे आहे.

हे दुःख समजून घ्या. जिभेला कळते ते गोड, आंबट, खारट, कडू एवढेच. फार तर त्यात मुरलेल्या रश्शाची ती भरदार चव धरा. आमटीतला गोडा मसाला, भातावरचे तूप, केशर, वेलची ही सगळी ओळख घास चावताना घशामागून नाकात चढणाऱ्या वासाने होते. म्हणून वास गेला की माणूस म्हणतो, चवच गेली. मग जेवण कमी होते, वजन उतरते, चारचौघांत पंगतीला बसणे नकोसे होते. काहींना वास परत येताना उलटाच येतो. कांदा, लसूण, कॉफी यांची दुर्गंधी वाटते. अशा वेळी सासूबाईंनी ताट सरकवले तर सूनबाई, ते नखरे समजू नका हो!

आमच्या देवळात येणाऱ्या एका काकूंचे असेच झाले. त्यांनी गुरुवारचा नैवेद्य करणेच सोडले. म्हणाल्या, "मीठमसाला बिघडला तर? महाराजांपुढे काय ठेवू?" मी म्हटले, "काकू, नैवेद्याचा स्वयंपाक तुम्ही पूर्वी तरी कधी चाखून बघत होता का?" त्या गप्प झाल्या. आपल्याकडे नैवेद्य चाखत नाहीत, हुंगलेले फूल देवाला वाहत नाहीत. म्हणजे गंध आणि रस पहिल्यापासून त्याचेच. आपल्याला मिळतो तो प्रसाद, मागाहून. पूजेत आपला वाटा आहे तो हातांचा आणि भावाचा, आणि तो कुठल्याही तापाने जात नाही. गुरुचरित्रातली घेवड्याची कथा आठवा. घरात धान्य नव्हते, म्हणून त्या माउलीने दारच्या वेलीच्या शेंगा शिजवून भिक्षा वाढली. श्रीगुरू तृप्त झाले ते कशाने? काकूंनी आता मिठाचा चमचा मोजून ठेवला आहे. गुरुवार पुन्हा सुरू झाले.

ज्याचे दुःख आहे त्याच्यासाठीही चोवीसांत गुरू आहेत. पहिला अजगर. समोर येईल ते, रुचकर असो की बेचव, थोडे असो की फार, तो स्वीकारतो. वास गेलेल्याने भुकेची वाट पाहू नये, घड्याळाच्या वेळेला जेवावे. देह हे साधनेचे साधन आहे, ते उपाशी ठेवायचे नाही. दुसरा गुरू वायू. गंध हा पृथ्वीचा गुण. वायू तो वाहून नेतो, पण स्वतः त्याने माखत नाही. आपला श्वास हा तोच वायू. वास गेला तरी श्वास आहे, आणि नामाला लागतो तो श्वासच.

आता थोडे व्यवहाराचे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना जरूर दाखवा. उतारवयात घ्राणशक्ती थोडी मंदावतेच, पण कधीकधी ती मज्जासंस्थेच्या आजाराची खूणही असते. वासाचा अभ्यासही असतो. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ, एकेक थोडा वेळ, मन लावून हुंगायचे, आणि हे काही महिने चालवायचे. जर्मनीतल्या हुमेल नावाच्या डॉक्टरांनी २००९ साली ही रीत मांडली. अनेकांना गुण येतो, सगळ्यांना येतोच असे नाही. माझा वास अर्धामुर्धा परतला आहे. माळ ओढावी तसा हा अभ्यास करावा, फळ महाराजांवर सोपवावे.

रात्री गॅसचा कॉक आठवणीने बंद करा. उरलेल्या अन्नाच्या डब्यावर वार लिहा, कारण नासलेले दूध नाकाला कळणार नाही. चवीसाठी मीठ-साखर वाढवू नका, रक्तदाब नि मधुमेह टपलेले असतात. त्यापेक्षा ताटात कुरकुरीत पापड, गार कोशिंबीर, गरम भाकरी असू द्या. लिंबाची फोड असू द्या.

आणि एक गोड गोष्ट. मिरीचा तिखटपणा, सुंठीचा झणका हा वास नव्हे. तो चेहऱ्याच्या वेगळ्याच नसेने मेंदूला कळतो, म्हणून वास गेलेल्यालाही बहुधा जाणवतो. मार्गशीर्ष पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास पाळणा हलेल, जन्माचा गजर होईल, हातावर सुंठवडा पडेल. ज्यांना आज कशाचीच चव नाही, त्यांनी तो प्रसाद सावकाश जिभेवर ठेवावा. महाराजांनी आपल्यासाठी एक दार उघडे ठेवले आहे, हे तिथल्या तिथे कळेल.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!