टायरचा चौथा पावसाळा

नवे टायर घ्यायला निघालेला माणूस दुकानात तीनच गोष्टी विचारतो. पकड कशी आहे, किती किलोमीटर चालेल आणि आवाज करतो का. गाड्यांच्या मासिकांतल्या तुलनाही याच तीन रकान्यांत मांडलेल्या असतात. प्रत्येक रकान्यात गुण द्यायचे, बेरीज करायची, पहिला-दुसरा क्रमांक लावायचा. अंधेरी ते बोरिवली किंवा घाटकोपर ते मुलुंड रोज गाडी चालवणाऱ्याला ही बेरीज फसवते, कारण हे तीन रकाने एका जातीचे नाहीत. पकड आणि आवाज हे टायरचे गुण आहेत. झीज हा मात्र त्या गुणांच्या अंगावरून जाणारा काळ आहे. टायर झिजतो तशी त्याची पकड बदलते, आवाज बदलतो, आणि तुलनेत ज्याला पहिला क्रमांक मिळाला तो टायर दोन-तीन वर्षांनी तुमच्या गाडीखाली उरलेलाच नसतो. एवढी एकच गोष्ट इथे सावकाश उलगडून पाहायची आहे.

आधी पकड कुठून येते ते पाहू. रस्ता सपाट दिसला तरी त्यात खडीची टोके असतात आणि त्या टोकांवर आणखी बारीक खरखरीतपणा असतो. गाडीच्या वजनाखाली रबर त्या फटींत दाबले जाते आणि दाब सुटला की मूळ आकारात येते. येताना थोडी ऊर्जा उष्णतेत गमावते. पकडीचा मोठा भाग या गमावलेल्या ऊर्जेतून येतो. त्याखेरीज कोरड्या रस्त्यावर रबराचे रेणू पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात. मध्ये पाण्याचा पापुद्रा आला की हे चिकटणे जवळजवळ संपते. म्हणून ओल्या रस्त्यावर सगळी भिस्त पहिल्या प्रकारावर, म्हणजे रबर खडीपर्यंत पोचण्यावर असते. हे ‘पोचणे’ ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मऊ रबर चांगले धरते आणि लवकर संपते, हे शाळेतल्या खोडरबरावरून कुणालाही कळते. पूर्वी हा सौदा अगदी सरळ होता: पकड हवी तर आयुष्य सोडा, वर पेट्रोलही जास्त जाळा. १९९२ मध्ये मिशेलिनने कार्बन ब्लॅकऐवजी मोठ्या प्रमाणात सिलिका घातलेला ‘ग्रीन टायर’ आणला आणि सौदा सैल झाला. त्यामागची युक्ती सुंदर आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला सुमारे ११ फेरे घेते, म्हणजे नुसते फिरताना रबराचा एखादा ठिपका सेकंदाला तेवढ्याच वेळा दबतो-सुटतो. ब्रेक लावल्यावर तोच ठिपका खडीच्या टोकांवरून घसरत सेकंदाला हजारो, लाखो वेळा थरथरतो. सिलिका आणि तिला रबराशी बांधणारी रसायने यांमुळे असे मिश्रण बनवता आले, की जे संथ हालचालीत ऊर्जा राखते आणि जलद थरथरीत गमावते. आज ज्यांना आपण परफॉर्मन्स टायर म्हणतो, मिशेलिनचा पायलट स्पोर्ट, ब्रिजस्टोनचा पोटेन्झा, योकोहामाचा ॲडव्हान, त्या सर्वांमागे हे शास्त्र आहे. तरीही सौदा सैल झाला, संपला नाही. रसायनशास्त्राने नक्षीला अमर केलेले नाही.

झीज किती बारीक असते ते एकदा हिशेबाने पाहण्यासारखे आहे. २०५/५५ आर १६ हे माप घ्या. स्लाव्हिया, व्हर्टस यांसारख्या गाड्यांवर ते येते. चाकाचा व्यास ६३ सेंटिमीटर, परिघ दोन मीटरला जेमतेम कमी. किलोमीटरमागे पाचशे फेरे. चाळीस हजार किलोमीटरना दोन कोटी फेरे. नव्या टायरची नक्षी आठ मिलिमीटरच्या आसपास खोल असते आणि कायद्याने १.६ मिलिमीटरला टायर संपतो, म्हणजे झिजायला सहा-साडेसहा मिलिमीटर मिळतात. दोन कोटींनी भागले तर एका फेऱ्यात मिलिमीटरचा सुमारे तेहतीस लाखावा भाग जातो, म्हणजे एखाद-दोन अणूंची जाडी. हे अर्थात सरासरीचे गणित. प्रत्यक्षात टायर सरळ जाताना फारसा झिजत नाही. तो झिजतो जोरात वेग घेताना, ब्रेक लावताना आणि वळताना. उपनगरांत आपण हे तिन्ही सतत करतो. त्यात सोसायटीच्या पोडियममध्ये गाडी जागच्या जागी उभी ठेवून स्टिअरिंग फिरवण्याची सवय, चौकातले पेव्हर ब्लॉक आणि पावसाळ्यातले खड्डे यांची भर. खड्ड्यात चाक आदळले की अलाइनमेंट बिघडते, आणि मग टायर एका कडेने घासू लागतो. चालकाला ते महिनोन्‌महिने कळत नाही.

आता मुख्य मुद्दा. झिजण्याचा परिणाम कोरड्या आणि ओल्या पकडीवर सारखा होत नाही, एकमेकांच्या उलट होतो. नवे टायर उंच नक्षीचे असतात. वळणावर हे उंच ठोकळे वाकतात, लचकतात. झिजून बुटके झाले की लचक कमी होते आणि गाडी जास्त नेमकी वळते. शर्यतीच्या गाड्यांना कोरड्या ट्रॅकवर नक्षीच नसलेले स्लिक टायर लावतात त्याचे एक कारण हेच. म्हणून मे महिन्यात, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या तापलेल्या डांबरावर, तीन मिलिमीटर उरलेला टायर चालकाला उत्तम वाटू शकतो. रबर फार जुने होऊन कडक झालेले नसेल, तर तो खरोखरच उत्तम असतो. आठ महिने तो कसलीही तक्रार करत नाही. ‘अजून एक वर्ष सहज निघेल’ हे वाक्य याच आठ महिन्यांत तयार होते.

मग जून येतो. सांताक्रूझच्या वेधशाळेची जून ते सप्टेंबरची सरासरी २२०० मिलिमीटरच्या वर आहे. पहिल्या सरींत महिनोन्‌महिने साचलेले तेल, रबराची पूड आणि धूळ वर तरंगते आणि रस्ता बुळबुळीत होतो. तो एक-दोन दिवसांचा प्रश्न. खरा प्रश्न पुढचे चार महिने असतो. वेगाने जाणाऱ्या टायरसमोर पाणी आले की त्याला बाजूला जायला वेळ लागतो आणि वाट लागते. वाट म्हणजे नक्षीच्या खाचा. खाचा उथळ झाल्या की वाट अरुंद होते, पाणी टायरखालीच अडकते आणि मघाशी ज्याला पोचणे म्हटले ते होत नाही. रबर खडीपर्यंत जातच नाही. शेवटी टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हातात हलके लागते. ब्रेक दाबून तेव्हा उपयोग नसतो.

हे किती वेगाला होते, याचा एक ठोकताळा नासाने विमानांच्या टायरवरील प्रयोगांतून १९६३ मध्ये मांडला होता. त्यात हवेचा दाब महत्त्वाचा. नक्षी गुळगुळीत असेल, किंवा पाणी नक्षीपेक्षा खोल असेल, तर ३२ पौंड हवेला ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास टायर तरंगू लागतो. हवा २४ पौंडांवर उतरली असेल तर हाच आकडा ८१ वर येतो. मोटारीच्या रुंद टायरच्या बाबतीत हे आणखी आधीही घडू शकते. रात्री अकरानंतर मोकळ्या ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर विक्रोळी-भांडुपच्या टप्प्यात लोक कोणत्या वेगाने जातात, हे तिथून जाणाऱ्यांना सांगायला नको. पावसाळ्यात हवा तपासायला आळस करणारा चालक स्वतःच्या हाताने हा वेग खाली आणत असतो.

आता तुलनेच्या तक्त्याकडे परत पाहा. त्यात ओल्या पकडीचे जे गुण दिलेले असतात ते आठ मिलिमीटर नक्षीच्या, कोऱ्या टायरचे. दोन नव्या टायरांत ओल्या रस्त्यावर थांबायला एक-दोन मीटरचा फरक निघतो आणि त्यावरून क्रमांक ठरतात. पण एकच टायर नवा असताना आणि झिजल्यावर यांतला फरक त्याहून कितीतरी मोठा असू शकतो, आणि तो सर्व टायरांत सारखा नसतो. काहींच्या खाचा खालपर्यंत सरळ उतरतात, काहींच्या खाली जाताना निमुळत्या होतात. काहींच्या बारीक चिरा अर्ध्या वाटेतच संपतात. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून मोटारींच्या नव्या टायर-प्रकारांना झिजलेल्या अवस्थेतली ओली पकडही सिद्ध करायला लावली, ती याचसाठी. आपल्या एआयएस-१४२ या मानकात रोलिंग रेझिस्टन्स (फिरताना वाया जाणारी ऊर्जा), ओली पकड आणि आवाज यांच्या मर्यादा आहेत आणि ते आल्याचे मला मनापासून समाधान आहे. पण त्यातही ओल्या पकडीची कसोटी नव्या टायरचीच. ज्या शहरात वर्षाचे चार महिने रस्ता ओला असतो, तिथे झिजलेल्या टायरची कसोटी युरोपपेक्षा जास्त गरजेची आहे.

आवाजाबाबत आधी एक गैरसमज दूर करायला हवा. टायरच्या लेबलवर डेसिबलचा जो आकडा असतो तो गाडीत बसलेल्यांसाठी नसतो. इंजिन बंद करून गाडी ताशी ८० च्या वेगाने सोडतात आणि तिच्या मार्गापासून साडेसात मीटरवर ठेवलेल्या मायक्रोफोनने तो मोजतात. म्हणजे हा आकडा हायवेला लागून असलेल्या इमारतींतल्या लोकांचा आहे, आणि म्हणूनच मला तो मोलाचा वाटतो. तीन डेसिबल कमी म्हणजे ध्वनीची ऊर्जा निम्मी. गाडीच्या आतला आवाज मात्र टायरच्या पोकळीतली हवा, सस्पेन्शन आणि पत्रा यांवर ठरतो. तोच टायर एका गाडीत शांत आणि दुसरीत घुमणारा लागतो.

नक्षीचे ठोकळे एकाच लांबीचे असते तर ते ठराविक तालात रस्त्यावर आपटून एकच सूर निघाला असता. म्हणून कंपन्या मुद्दाम दोन-तीन वेगवेगळ्या लांबींचे ठोकळे विस्कळीत क्रमाने बसवतात, आणि सूर फुटून नुसती सळसळ उरते. नव्या टायरची नक्षी जवळून पाहिलीत तर ठोकळे असमान दिसतील. तो साच्याचा दोष नाही. काँक्रीट रस्त्यावर पाणी निघून जावे म्हणून पाडलेल्या आडव्या खाचा यात स्वतःचा सूर मिसळतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर हे सर्वांनी ऐकलेले असते, आणि २०२३ पासून मुंबई महापालिकेने सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचा पहिला टप्पा हाती घेतल्यावर तो सूर आता आपल्या गल्लीपर्यंत आला आहे.

तर झीज आणि आवाज यांचा संबंध काय? सगळीकडून सारखा झिजलेला टायर फारसा ओरडत नाही. वाकडा झिजलेला ओरडतो. गाडी उभी करा, चाक वळवून ठेवा आणि तळहात नक्षीवरून आधी पुढे, मग मागे फिरवा. एका दिशेला हात सरळ सरकत असेल आणि दुसऱ्या दिशेला प्रत्येक ठोकळ्याची कड बोटांना लागत असेल, तर अलाइनमेंट बिघडले आहे किंवा टायरांची पुढे-मागे अदलाबदल फार दिवस झालेली नाही. यातून जो घूं-घूं आवाज येतो तो लोकांना बेअरिंगचा वाटतो आणि चांगले बेअरिंग बदलले जाते. टायर आवाज करायला लागला की त्याच्या कंपनीला नावे ठेवण्याआधी ही तपासणी करावी. आवाज ही बहुतेक वेळा झिजेने दिलेली खबर असते.

टायरच्या कडेवर ‘ट्रेडवेअर’ असा शब्द आणि पुढे २८०, ३२०, ४०० असा आकडा असतो. आकडा मोठा तितका टायर टिकाऊ, पण हा आकडा कंपनीने स्वतः दिलेला असतो. एकाच कंपनीचे दोन टायर ताडून पाहायला तो बरा, दोन कंपन्यांमध्ये त्यावर विसंबू नये. त्यापेक्षा जवळच कोरलेले चार अंक वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. उपनगरांत हे अंक जास्त बोलतात. लोकलने कामावर जाणाऱ्या आणि शनिवार-रविवारी गाडी काढणाऱ्या घराची गाडी वर्षाला सहा-सात हजार किलोमीटरच फिरते. पन्नास-साठ हजार किलोमीटर टिकणारा टायर अशा घराला आठ वर्षे पुरेल, पण रबर तोवर ऊन, उष्णता आणि हवेतल्या ओझोनने कडक होईल. अनेक कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि जास्तीत जास्त दहा वर्षांनी बदल सुचवतात. म्हणजे हे घर जास्त टिकाऊपणासाठी जे पैसे मोजते त्यातले बरेच वापरलेच जात नाहीत. अशांनी ओली पकड चांगली असलेला टायर घ्यावा, तो लवकर झिजला तरी तोटा नाही. विमानतळाच्या भाड्यांवर दिवसाला दीडशे किलोमीटर फिरणाऱ्या टॅक्सीवाल्या दादांचा हिशेब वेगळा. त्यांना टिकाऊ टायरच परवडतो, आणि त्यांची नक्षी वर्षभरात संपत असल्याने त्यांनी खोलीवर लक्ष जास्त ठेवायचे.

माझा कौल असा: टायर कोरा असताना कसा आहे हे विचारू नका, चौथ्या पावसाळ्यात कसा असेल हे विचारा. खाचा तळापर्यंत रुंद राहतात का ते टॉर्च मारून पाहा, दुकानदाराला बनावटीचा आठवडा दाखवायला सांगा. आणि घरी एक डेप्थ गेज ठेवा. दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात चारही टायर आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेर असे तीन ठिकाणी मोजा. कायद्याचे १.६ मिलिमीटर हे शेवटचे टोक आहे, पावसाळ्यात उतरण्याची पातळी नव्हे. कुठेही तीन मिलिमीटरच्या खाली आकडा आला, तर पाऊस सुरू होण्याआधी टायर बदला. दोनच बदलणार असाल तर गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरी नवी जोडी मागच्या चाकांना लावून घ्या, कारण पुढच्या चाकांची पकड सुटली तर वेग कमी करून गाडी सावरता येते, मागच्यांची सुटली तर बहुतेकांना येत नाही.