पाहुण्यांची बाग आणि पोरांचं मैदान

मुद्दाम रायपूर पाहायला येणारे थोडे. राजिम, सिरपूर, बारनवापारा, पुढे बस्तर, या वाटेवर एखाद्या रात्रीपुरते थांबणारे पुष्कळ. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगढची राजधानी झाल्यापासून या मुक्कामी माणसाची संध्याकाळ कशी जाईल, ही काळजी शहराने फार मनावर घेतली. तेलीबांधा तलावाचा ‘मरीन ड्राइव्ह’ झाला. नवा रायपूरकडे पुरखौती मुक्तांगण उभं राहिलं, 2016 मध्ये जंगल सफारी सुरू झाली. यात वावगं काही नाही. तेलीबांध्याच्या काठावर गावचीच माणसंही मोठ्या हौसेने फिरतात.

सदर बाजारात उभं राहिलं की हिशेब बदलतो. खाली सराफी पेढी, वर बिऱ्हाड, अंगण नाही आणि समोरचा रस्ता ग्राहकांच्या दुचाक्यांनी अडलेला. इथल्या दहा वर्षांच्या मुलाला सफारी म्हणजे वर्षाकाठी एखादी सहल, तीही कोणी नेलं तर. केंद्र सरकारच्या 2014 सालच्या नगरनियोजन मार्गदर्शिकेने माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. पण शहराच्या कडेला एक विस्तीर्ण उद्यान केलं की सरासरी सुधारते आणि सदर बाजारात तसूभरही फरक पडत नाही. म्हणून मोजायचं ते अंतर. मूल एकटं, चालत, रहदारीचा रस्ता न ओलांडता पोचेल अशी जागा आहे का?

जुन्या रायपूरने हा प्रश्न तलावांनी सोडवला होता. कंकाली तलाव, बूढा तलाव, महाराजबंध: आंघोळ, पोहणं, जवारा-विसर्जन, पारावरच्या गप्पा, सगळं त्या काठांवर. तिकीट नव्हतं, वेळापत्रक नव्हतं. मग राजबंधा तलाव बुजला. त्याचं ‘मैदान’ झालं आणि त्या मैदानावर इमारती आल्या. पाणी, मग मोकळी जमीन, मग बांधकाम, हा क्रम आपल्या बहुतेक शहरांनी असाच पार पाडला आहे.

बूढा तलावाच्या सुशोभीकरणात 2020 च्या सुमारास वाद झाला तो शेजारच्या मैदानांवरून. सप्रे शाळेच्या मैदानाची जागा रस्त्यासाठी घेण्याला विरोध झाला. ही शाळा माधवराव सप्र्यांच्या नावाची. 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे, टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे सप्रे याच शहरात 1926 मध्ये वारले. त्यांच्या नावाची पाटी जपायला कोणाचीच हरकत नसते. जमिनीचा प्रश्न आला की मात्र ‘विकासाला थोडी जागा द्यावीच लागते’ हे वाक्य तयार असतं. दागिना आटवताना सराफ घट आधी हिशेबात धरतो. सुशोभीकरणाच्या आराखड्यात ही घट कुठेच लिहिलेली नसते. कारंजं किती उंच, दिवे किती, हे असतं. खेळायची जमीन आधी किती होती आणि नंतर किती उरेल, हे नसतं.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. रिकामं मैदान राखायलाही पैसा लागतो, आणि तो पाहुणेच आणतात. चौपाटीवरच्या ठेल्यांवर कितीतरी घरं चालतात. खरं आहे. पण मग पैसा तिकडून इकडे यायला हवा, जमीन इकडून तिकडे जायला नको. मुंबई महापालिकेने 1925 मध्ये लोकांसाठी खुलं केलेलं शिवाजी पार्क पाहा. मधे माती, भोवती कट्टा. त्याला आकर्षक करण्याच्या फंदात फारसं कोणी पडलं नाही, म्हणून तिथे क्रिकेटपटू घडले आणि म्हाताऱ्यांची संध्याकाळही झाली.

बूढा तलावाच्या काठचं ठेल्यांचं भाडं आणि नौकाविहाराचं उत्पन्न यांतला ठरावीक वाटा सप्रे आणि दानी शाळांच्या मैदानांना बांधून द्यावा. दानी ही मुलींची शाळा. सदर बाजारातल्या मुलींना संध्याकाळी बिनधास्त धावता येईल अशी दुसरी जागा मला तरी सुचत नाही. चांगली माती, पिण्याच्या पाण्याचा नळ, स्वच्छतागृह, रात्री आठपर्यंत दिवे आणि शाळा सुटल्यावर फाटक उघडं ठेवणारा एक चौकीदार, एवढंच लागतं. पर्यटनाच्या पुस्तिकेत याचा फोटो छापला जाणार नाही, तेव्हा महापालिकेच्या अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळं शीर्ष उघडावं लागेल, आणि त्यातला पैसा कारंज्याच्या दुरुस्तीकडे वळवता येणार नाही अशी अटही घालावी लागेल.