उपहास आणि लोकमत

उपहासात्मक वाङ्मय लोकमत घडवितें, ही समजूत सुशिक्षितांत इतकी रूढ झाली आहे कीं, ती एकदां पारखून पाहावी असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. ग्रंथांनीं जें साधत नाहीं तें एका हंशानें साधतें, असें आपण सहज म्हणून जातों. या मताची परीक्षा करावयाची तर जोनाथन स्विफ्टइतका चांगला साक्षीदार मिळणें कठीण. कारण हें शस्त्र त्यानें राजकारण व धर्म या दोन्ही क्षेत्रांत चालविलें, आणि त्याच्या तोडीचा शस्त्रधर क्वचितच झाला असेल.

१७२२ सालीं विल्यम वुड नांवाच्या इंग्रज कारखानदारास आयर्लंडसाठीं तांब्याचीं नाणीं पाडण्याचा मक्ता मिळाला. तो त्यानें राजाच्या मर्जींतल्या एका बाईकडून विकत घेतलेला होता. आयरिश पार्लमेंटास कोणीं विचारलेंही नव्हतें. १७२४ सालीं स्विफ्टनें एका कापडवाल्याचें सोंग घेऊन दुकानदारांस व शेतकऱ्यांस पत्रें लिहिलीं. बाजारास निघालेल्या बाईच्या गाडीमागें वुडच्या नाण्यांनीं भरलेला छकडा चालला आहे, असलीं चित्रें त्यांत होतीं. लेखकाचें नांव सांगणारास सरकारनें ३०० पौंडांचें बक्षीस लावलें. साऱ्या डब्लिनला तें नांव ठाऊक होतें. पण सांगावयास कोणी पुढें आला नाहीं, आणि १७२५ सालीं मक्ता रद्द करावा लागला. उपहासाच्या सामर्थ्याचें याहून ठळक उदाहरण कोणतें?

परंतु पुढें त्याच स्विफ्टनें त्याच देशासाठीं याहून कितीतरी श्रेष्ठ लेख लिहिला. गरिबांचीं वर्षावर्षाचीं मुलें श्रीमंतांच्या पानांत वाढण्यासाठीं विकावीं, म्हणजे आईबापांस चार पैसे मिळतील आणि देशावरचा भारही हलका होईल, अशी सूचना १७२९ सालीं त्यानें एका सज्जन, हिशेबी गृहस्थाच्या तोंडून करविली. वाचतांना आजही अंगावर कांटा येतो. पण त्या लेखानें जमीनदारांचा खंड उतरला नाहीं, कीं तो परदेशीं उधळण्याची त्यांची रीत मोडली नाहीं. १७४०–४१ सालीं आयर्लंडांत भयंकर दुष्काळ पडला आणि लाखों माणसें मेलीं.

लेखणी तीच, देशही तोच. मग फरक कशानें पडला? वुडच्या नाण्यांना हंसणाऱ्या माणसाला स्वतःचें असें कांहींच सोडावें लागत नव्हतें. सरदारापासून खाटकापर्यंत सर्वांचें मत आधींच तयार होतें, आणि प्रतिपक्षी समुद्रापलीकडे होता. उपहासानें त्या मताला धीर दिला, एवढेंच. अर्थात् परसत्तेखालीं तेंही थोडें नव्हे. दुसऱ्या लेखाचा सुखवस्तु वाचक मात्र बहुधा स्वतःच आरोपी होता. त्यानें लेखकाच्या बुद्धीचें कौतुक केलें असेल. आरोपपत्रांत आपलेंही नांव आहे हें त्यास दिसलें नसावें.

धर्माच्या बाबतींत तर गोष्ट आणखी बिकट. १७०४ सालच्या 'ए टेल ऑफ ए टब'मध्यें त्यानें पोपपंथी व कॅल्व्हिनपंथी यांची टर उडविली, ती स्वतःच्या इंग्लिश चर्चची बाजू राखण्यासाठीं. पण हंसूं एकदां सुटलें म्हणजे लेखकानें आंखलेल्या रेषेशीं थांबत नाहीं. ॲन राणीस त्या पुस्तकांत धर्माचीच निंदा दिसली, असें म्हणतात. हा धर्मगुरु बिशप कधींच झाला नाहीं.

आपल्याकडे १९०२ पासून श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं 'विविधज्ञानविस्तारां'तून धार्मिक रूढींचा असाच समाचार घेतला. ते लेख पुढें 'सुदाम्याचे पोहे' या नांवानें घरोघर गेले. माझे आजोबा ते रात्रीं मोठ्यानें वाचून दाखवीत, आणि सुदामा, बंडूनाना व पांडुतात्या या त्रिकुटाला घरांतलीं सारीं माणसें पोट धरधरून हंसत. पण बंडूनाना आमच्याच घरांत असतील अशी शंका कोणास आली नाहीं. ते नेहमीं शेजारच्या वाड्यांत राहत. त्याच घरांत माझी विधवा आत्या हळदीकुंकवाच्या दिवशीं स्वयंपाकघराबाहेर येत नसे. वाचनाच्या वेळीं ती तेथेंच भांडीं आवरीत असे, आणि मधलें दार उघडें असे. ती हंसत असे कीं नाहीं, हें मीं कधीं वळून पाहिलें नाहीं.