रचणे आणि आवरणे

एका मिनिटात ३६ हलक्या पेल्यांचा मनोरा रचायचा आणि त्याच मिनिटात तो उतरवून पुन्हा एकच चळत करायची, असा एक खेळ २०१० साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या ‘मिनिट टू विन इट’मध्ये होता. तळाला ८ पेले, त्यांवर ७, असे करीत टोकाला एक. मोडायचाच, तर रचावा कशाला? पण मोडायचाच म्हणून जो तळ हयगयीने मांडतो, त्याला टोक गाठता येत नाही. आणि जो टोकाकडे कौतुकाने पाहत राहतो, त्याला आवरायला वेळ उरत नाही. जन्मभर राबून घर उभे केलेल्या वडीलधाऱ्यांना कमरेच्या किल्ल्या का सोडवत नाहीत, ते मला इथे उमगते. रचताना जीव ओतावा. उतरवताना तो त्यात अडकू नये.