काळा दोरा

एक मुलगी कृषी विद्यापीठात अनुवंशशास्त्रात पीएच.डी. करत होती. विषय ज्वारीचा होता. तिचे दोन वाण दिसायला जवळजवळ सारखे होते. फरक होता तो पानाच्या मधल्या शिरेत. एकाची शीर पांढरी, त्याचं ताट कोरडं. दुसऱ्याची फिक्कट हिरवी, त्याचं ताट रसाळ.

पहिल्या रब्बीत तिनं पांढऱ्या शिरेच्या वाणाच्या पाच कणसांवर संकर करायचं ठरवलं. हे काम शेतावरच्या एका वयस्क मावशींच्या हातचं होतं. ज्वारीच्या एवढ्याशा फुलात तीन पुंकेसर असतात. उन्हं कलली की मावशी कणसाजवळ बसत, सुईनं एकेका फुलातले तिन्ही पुंकेसर अलगद उचलत आणि कणसावर कागदी पिशवी चढवत. सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग त्यावर झटकत. एक जरी पुंकेसर आत राहिला, तर फूल स्वतःच्याच परागानं फळतं आणि तो दाणा संकराचा राहत नाही.

पाचव्या कणसाच्या चिठ्ठीला मुलीला एक काळा दोरा बांधलेला दिसला. नजर लागू नये म्हणून मावशींनी बांधला असेल, असं तिला वाटलं. तिला सगळं टिपून ठेवायची सवय होती. तिनं वहीत लिहिलं, ‘कणीस ५, काळा दोरा.’

दुसऱ्या वर्षी सगळी झाडं पांढऱ्या शिरेची आली. तसंच व्हायला हवं होतं, कारण पांढरी शीर प्रभावी असते. तिसऱ्या वर्षी तीनास एक असं प्रमाण यायचं होतं. प्रत्येक कणसाच्या वंशातली ८० झाडं मुलगी पहाटेच्या दवात पान न् पान उलटून मोजत गेली. चार वंशांत मिळून २३८ पांढरी आणि ८२ हिरवी भरली. पाचव्यात ८० च्या ८० पांढरी.

तिनं तीनदा मोजलं.

खोलीतली मैत्रीण म्हणाली, “साठ आणि वीस लिहून टाक. कोण शेतात येऊन मोजणार आहे? नाहीतर पाचवं कणीस होतंच कुठे म्हण.”

त्या रात्री तिनं जुनी वही काढली. दोऱ्याच्या ओळीवर बोट थांबलं. सकाळी ती मावशींकडे गेली.

मावशी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “ताई, त्या दिशी अंधार पडला व्हता. त्या कणसाचं समदं निघालं का न्हाई, मला दिसलंच न्हाई. बोलले तर रोज जाईल, असं भ्या वाटलं. पन झाकून ठेवायचंबी मनाला पटंना. म्हनून खूण केली.”

मुलीनं सगळं सरांना सांगितलं. सर म्हणाले, “मेंडेलच्या वाटाण्यांत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले निघाले. बिनचूक तीनास एक त्यालाही मिळालं नव्हतं. जे आलं ते लिही. दोऱ्यासकट.”

तिनं तसंच लिहिलं. तक्त्यात पाचही कणसं ठेवली. पाचव्याखाली नोंद केली, की पुंकेसर पूर्ण निघाले नसावेत आणि तशी खूण संकर करणाऱ्या हातानंच त्याच संध्याकाळी केली होती. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते पान दोनदा वाचलं. “खूण कुणी केली?” एवढंच त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं.

प्रबंधातल्या प्रत्येक आकड्याखाली कुणाचा तरी हात असतो, बहुतेकदा रोजंदारीवरचा. हात आहे तो चुकणारच. ती चूक सांगायला त्याला जागा मिळाली, तर त्या आकड्यावर पुढच्यानं खुशाल विसंबावं.

पुढच्या रब्बीत संकराचं काम पुन्हा सुरू झालं. मावशींच्या पेटीत सुई, चिमटा, पिशव्या होत्या. मुलीनं त्यात एक भिंग ठेवलं आणि काळ्या दोऱ्याचं एक अख्खं रीळ.